बारांतला एक

माझ्या संग्रहातला पहिला बाण मला छत्र्यांच्या बादलीत मिळाला. नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये राहत होतो. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका शेतात जुन्या सामानाचा बाजार भरायचा. लोक गाडीची डिकी उघडायचे, समोर घडीचं टेबल मांडायचे आणि घरातली अडगळ विकायला बसायचे. अशाच एका टेबलाशेजारच्या बादलीत दोन छत्र्या, एक हातकाठी, पडद्याचा पितळी दांडा आणि ही काडी उभी होती. विकणाऱ्या आजीबाईंना ती काय आहे हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. टोकाला धातूची टोपी दिसत होती, म्हणून ती पडद्याच्या दांड्याचीच काहीतरी असावी असं आमचं दोघांचं मत पडलं. दोन पौंडांत सौदा झाला.

घरी येऊन दिव्याखाली धरली, तेव्हा ती पडद्याची नाही एवढं कळलं. लांबी अठ्ठावीस इंच, जाडी शिसपेन्सिलीहून किंचित जास्त. मागचा मोठा भाग फिकट, मधाच्या रंगाच्या लाकडाचा. पुढचे सात-आठ इंच गडद, जवळपास काळे. दोन लाकडं जिथं भेटत होती तिथं आडवी रेघ नव्हती. गडद लाकडाच्या दोन निमुळत्या जिभा फिकट लाकडात चांगल्या चार इंच चढत गेल्या होत्या आणि शेवटी केसासारख्या बारीक होऊन नाहीशा झाल्या होत्या. सांध्यावरून नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. मागच्या टोकाला खाच, खाचेत शिंगाची काळी पट्टी बसवलेली. त्याच्या खाली तीन पिसांचे नुसते कणे. पिसं कसरीनं कधीच खाऊन टाकली होती. त्यांच्या खाली रंगाचे पट्टे: हिरवा, सोनेरी, पुन्हा हिरवा. आणि दोन कण्यांच्या मधल्या लाकडात बारीक ठसा मारलेला आकडा: ४.९.

बाकीचं सगळं हळूहळू उलगडत गेलं, हा आकडा मात्र बरेच महिने छळत राहिला. इंच म्हणावं तर लागू होत नव्हता, तारीख म्हणावी तर अर्धवट वाटत होती. उत्तर मिळालं ते इतकं साधं होतं की हसू आलं. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज बाणाचं वजन चांदीच्या नाण्यांत मोजत. एका पारड्यात बाण, दुसऱ्यात शिलिंग आणि पेनी. ४.९ म्हणजे चार शिलिंग नऊ पेन्स. किंमत नव्हे, वजन. आपल्याला खरं तर हे चटकन सुचायला हवं होतं, कारण ब्रिटिश अमदानीत आपला तोळाही रुपयाच्या नाण्याइतकाच होता.

पुण्यात परतल्यावर तो बाण घेऊन मी ओळखीच्या सराफाकडे गेलो. शिलिंग ५.६५ ग्रॅमचा आणि पेनी त्याचा बारावा हिस्सा, या हिशेबानं वजन २६.९ ग्रॅम भरायला हवं होतं. काट्यावर आकडा आला २६.४. सराफाचा चेहरा गंभीर झाला. त्यांच्या धंद्यात अर्धा ग्रॅम म्हणजे थट्टा नव्हे. "घट कशात गेली?" त्यांनी विचारलं. मी पिसांच्या कण्यांकडे बोट दाखवलं. शंभराहून जास्त वर्षांत लाकडानं आपलं वजन सोडलेलं नव्हतं. गेलं होतं ते फक्त कसरीच्या पोटात.

जुन्या, हातानं केलेल्या लाकडी बाणांवर मराठीत एक पुस्तक लिहावं, हे त्या दुकानातल्या बाकावर बसून मनात आलं. आणि त्यात मुख्य काय सांगायचं, तेही तिथंच ठरलं.

हातानं केलेल्या वस्तूचं कौतुक करताना आपण सवयीनं म्हणतो की यातली प्रत्येक वस्तू वेगळी आहे. एका हातमागावरचा मोर दुसऱ्यासारखा नसतो, एका चाकावरचं मडकं दुसऱ्यासारखं नसतं, आणि हे थोडंसं इकडंतिकडं होण्यातच हाताची गोडी आहे, असं आपण मानतो. बाणाच्या बाबतीत हे पार उलटं आहे. धनुर्धर शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटरवर उभा असतो. त्यानं तेच शरीर तसंच उभं केलं, तीच दोरी तितकीच ओढली, आणि हातातला बाण मात्र मागच्या बाणापेक्षा जड निघाला, तर तो खाली पडणार. कमी लवचिक निघाला तर बाजूला जाणार. वेगळा बाण म्हणजे बिघडलेला बाण. म्हणून बाण करणाऱ्या कारागिराची, तीरगराची सगळी कला एकाच गोष्टीत होती: यंत्राविना, डोळा आणि बोटं यांच्या जोरावर, एकसारखे बारा बाण करणं. आकड्यातला पेनीचा फरक वजनात अर्ध्या ग्रॅमलाही भरत नाही. आपल्या जुन्या मापात जवळपास चार गुंजा. त्या काळी वजनाचा ठसा मारायचा तो इतक्या बारकाव्याला उतरू अशी हमी म्हणून.

आणि इथंच संग्राहकाची पंचाईत होते. संग्राहक शोधतो वेगळी वस्तू, आणि त्याच्या हाती येतो तो बारांपैकी एक सुटा बाण, ज्याची सगळी थोरवी उरलेल्या अकरांसारखा असण्यात होती. ते अकरा गेलेले असतात. काही गवतात शिरले, काही झाडात अडकले, काही मोडले आणि शेकोटीत गेले. सुटलेला बाण परत येत नाही, ही आपली म्हण खोटी पाडणारे फार थोडे बाण असतात. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे.

या कथेची सुरुवात सोयीसाठी इंग्लंडमध्ये केली आहे, कारण लाकडी बाणांची सर्वांत सलग परंपरा मला तिथंच पाहायला मिळाली. लंडनमध्ये कमानगर, म्हणजे धनुष्यं करणारे, आणि तीरगर आधी एकाच संघटनेत होते. १३७१ मध्ये तीरगरांनी महापौरांकडे अर्ज केला की आमचा धंदा वेगळा, आम्हाला वेगळं करा. दोन्ही कामं एकाच माणसानं केली तर कोणतंच धड होत नाही, हे त्यांना पटलेलं होतं. आज इंग्रजी नावांत दिसणारं 'फ्लेचर' हे आडनाव याच धंद्याचं. राज्यकर्त्यांनाही बाण हा किती नाजूक पुरवठा आहे हे माहीत होतं. पाचव्या हेन्रीच्या काळात, १४१६ मध्ये, खडावा करणाऱ्यांना ॲस्पनचं लाकूड वापरायला बंदी झाली. ते लाकूड बाणांना हवं होतं. पुढच्याच वर्षी हुकूम सुटला की प्रत्येक हंसिणीच्या पंखातली सहा पिसं सरकारजमा करा. फ्रान्समधल्या लढायांना लागणाऱ्या बाणांची झळ अशी गावागावातल्या खुराड्यांपर्यंत पोचली होती.

त्या काळचे बाण उरायला नको होते. लाकूड कुजतं, पीस कसर खाते, लोखंड गंजतं. तरी उरले, कारण ते चिखलात बुडाले. १९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज पोर्ट्समथजवळ सॉलंटच्या सामुद्रधुनीत बुडालं. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. आतून साडेतीन हजारांहून जास्त बाण आणि शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. बाणांची लोखंडी टोकं गंजून गेली होती, पिसं नाहीशी झाली होती. पण पिसं चिकटवायला वापरलेल्या डिंकासारख्या लेपात तांबं मिसळलेलं असल्यानं तो हिरवट थर टिकून राहिला, आणि त्यावर पिसं बांधायला गुंडाळलेल्या दोऱ्याचे वळसेही उमटलेले होते. ज्या बोटांनी ते वळसे घातले ती गेली, दोरा गेला, पीस गेलं, वळसे राहिले. शिवाय चामड्याच्या गोल चकत्या सापडल्या, चोवीस भोकांच्या. एका भोकात एक बाण, पिसं एकमेकांना घासू नयेत म्हणून. चोवीसचा जुडगा हे लष्करी माप होतं. म्हणजे बाण तेव्हाही एकटा मोजत नसत.

योगायोग असा की जहाज बुडालं त्याच वर्षी रॉजर ॲस्कम या विद्वानाचं 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक छापलं गेलं. इंग्रजीतलं धनुर्विद्येवरचं हे पहिलं मोठं पुस्तक. त्यात बाणांसाठी पंधरा लाकडांची यादी आहे. तीत 'ब्राझील' हे नाव आहे. ते वाचून अनेकांना दक्षिण अमेरिका आठवते, पण मुळात हे नाव आशियातून युरोपात जाणाऱ्या पतंगाच्या लाकडाचं, ज्यापासून आपल्याकडे लाल रंग काढत. देशाला नाव लाकडावरून मिळालं. ॲस्कमचं स्वतःचं नाव एका कपाटाला मिळालं: धनुष्य आणि बाण उभे ठेवायच्या उंच अरुंद कपाटाला इंग्रज हौशी लोक 'ॲस्कम' म्हणत. माझ्या घरातलं कपाट मात्र साधं लोखंडी आहे. त्याला नाव नाही.

तोफा-बंदुका आल्यावर बाण युद्धातून गेला आणि मैदानात आला. यॉर्कशायरमध्येच स्कॉर्टन गावात १६७३ मध्ये सुरू झालेली चांदीच्या बाणासाठीची स्पर्धा अजून चालू आहे. गंमत बघा: चांदीचा बाण साडेतीनशे वर्षं जपला जातो, आणि तो जिंकण्यासाठी सोडलेले लाकडी बाण हरवत जातात. १७८१ मध्ये लंडनला टॉक्सोफिलाइट सोसायटी निघाली, आणि धनुर्विद्या ही उमरावांची हौस झाली. १८४४ मध्ये यॉर्कला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. या हौसेनं कारागिरांना पोसलं. एडिंबराचा पीटर म्यूर तर स्वतः धनुष्य-बाण करायचा आणि स्वतःच स्पर्धाही जिंकायचा. लंडनचे ऑल्ड्रेड, बुकॅनन, एअर्स ही नावं जुन्या बाणांवर ठसा म्हणून भेटतात. संग्राहकाला हा ठसा दिसला की जो आनंद होतो, तो जुनं पुस्तक उघडून आत लेखकाची सही सापडावी तसा असतो.

या काळातला सर्वांत मोठा धनुर्धर होरेस फोर्ड. १८४९ पासून सलग अकरा वर्षं तो राष्ट्रीय विजेता होता. १८५७ मध्ये चेल्टनहॅमला त्यानं केलेला १२५१ गुणांचा विक्रम पुढं अनेक दशकं कुणाला गाठता आला नाही. ही स्पर्धा दोन दिवसांची, दोनशे अठ्ठ्याऐंशी बाणांची; शंभर, ऐंशी आणि साठ यार्डांवरून. फोर्डचे दोनशे पंचेचाळीस बाण निशाणावर लागले. मैदानात टाळ्या त्याला पडल्या. पण या आकड्यामागं ज्यांनी त्याचे बाण एकसारखे घडवले त्या हातांचाही वाटा आहे, आणि त्या हातांची नावं कुठल्याच गुणफलकावर नाहीत.

एकसारखं म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेतलं की संग्रहाची नजर तयार होते. वाचकाला तयारी व्हावी म्हणून इथं थोडं सांगून ठेवतो, पुढं प्रकरणांत विस्तार आहेच.

पहिलं, पिसं. बाणाला तीन पिसं लावतात आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली हवीत. डाव्या पंखातलं पीस एका बाजूला वळतं, उजव्यातलं दुसऱ्या. दोन्हींची सरमिसळ झाली तर बाण हवेत डुलत जातो. बारा बाणांना छत्तीस पिसं, सगळी एकाच बाजूची. तिन्हींपैकी एक पीस खाचेला काटकोनात बसतं, त्याचा रंग वेगळा ठेवतात. ते धनुष्यापासून लांब राहावं म्हणून बाण लावताना न बघता बोटाला कळावं लागतं.

दुसरं, लवचिकपणा. यात एक कोडं आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. साध्या धनुष्यात बाण लाकडाच्या मधून जात नाही, बाजूनं जातो. म्हणजे दोरी सरळ पुढं ढकलते आणि वाटेत धनुष्याची मूठ आडवी येते. मग बाण बाजूला का जात नाही? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी धनुर्धरांनी या कोड्याला नाव दिलं, आणि १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण करून ते दाखवलं. बाण सुटताना सरळ राहतच नाही. तो वाकतो, मुठीला वळसा घालून निघतो, उलटा वाकतो, आणि थरथरत थरथरत सरळ होतो. वाकणं कमी पडलं तर मुठीला आपटतो, जास्त झालं तर दुसरीकडे भरकटतो. म्हणून प्रत्येक धनुष्याला त्याच्या ताकदीइतकाच लवचिक बाण लागतो. जुन्या तीरगरांकडे कॅमेरा नव्हता. ते काडी दोन बोटांत धरून अंगठ्यानं दाबत आणि ठेवायची की टाकायची ते ठरवत.

तिसरं, पुढचा गडद भाग. बाण निशाणावर आदळतो तेव्हा बहुधा टोपीच्या मागंच मोडतो. म्हणून तिथं कठीण लाकूड, आणि मागं हलकं, सरळ रेषांचं पाइनचं लाकूड. पाइनच्या टोकाला पाचरीसारखं निमुळतं करायचं, कठीण लाकडाला मधून चीर द्यायची, पाचर चिरेत सरस लावून बसवायची, आणि वाळल्यावर सगळं एकत्र गोल तासायचं. गोल करताना चिरेच्या दोन्ही बाजूंचं गडद लाकूड आपोआप त्या दोन लांब जिभांसारखं दिसू लागतं. ही नक्षी वाटते, पण ती मुद्दाम काढलेली नक्षी नाही. मजबुतीसाठी केलेल्या सांध्याचं ते रूप आहे.

चौथं, आकार. वरवर बघता सगळे बाण सरळ गोल दिसतात. कॅलिपर लावला की कळतं: कुठला मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळता, कुठला छातीशी जाड, कुठला मागं निमुळता होत गेलेला. आणि पाचवं, रंगाचे पट्टे. निशाणात पाच-सहा जणांचे बाण एकत्र रुतलेले असतात, तेव्हा आपला कुठला हे लांबून कळावं म्हणून प्रत्येकाचे पट्टे ठरलेले असत. बारा बाणांत फरक चालायचा नाही, पण बारांच्या एका संचाचा दुसऱ्या संचापासून फरक हवाच. माझा हिरवा-सोनेरी-हिरवा कुणाचा होता, ते मला अजून कळलेलं नाही.

बाणाची लांबीही बोलते. पुरुषांचे अठ्ठावीस इंचांचे, स्त्रियांचे पंचवीसचे, आणि वजनही त्या मानानं कमी. या छोट्या बाणांकडे संग्राहक दुर्लक्ष करतात, ही त्यांची चूक. त्या काळात स्त्रियांना उघड्या मैदानावर उतरून स्पर्धा करता येईल असे खेळ थोडे होते, त्यांत हा एक. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्रेपन्न वर्षांच्या क्वीनी न्यूअल यांनी धनुर्विद्येत सुवर्णपदक जिंकलं.

अमेरिकेत हाच धागा दुसऱ्या रंगानं विणला गेला. गृहयुद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्या मॉरिस आणि विल टॉम्सन या भावांनी शिकारीसाठी धनुष्य हाती घेतलं. मॉरिसचं 'द विचरी ऑफ आर्चरी' १८७८ मध्ये आलं आणि देशभर क्लब निघाले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ इशी हा 'याही' नावाच्या जमातीचा एकटा उरलेला माणूस बाहेर आला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य-बाण शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. पोप यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या शिकारीवरच्या पुस्तकात बाण कसा करावा याचं प्रकरण आहे आणि ते वाचून हजारो माणसांनी आपल्या तळघरात बाण केले. त्यांना लाकूड मिळालं ते ओरेगनच्या किनाऱ्यावरचं पोर्ट ऑरफर्ड सीडर. हलकं, सरळ आणि आल्यासारख्या वासाचं. जुना सीडरचा बाण मोडला तर ताज्या चिरेतून तो वास अजून येतो.

त्या वाचकांतलाच एक डग ईस्टन. त्यानंही सुरुवात सीडरच्या बाणांनी केली. पण लाकडात एकसारखेपणा आणायला किती काड्या टाकाव्या लागतात हे करून बघितल्यावर १९३९ च्या सुमारास तो ॲल्युमिनियमच्या नळीकडे वळला. १९४१ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद धातूच्या बाणांनी जिंकलं गेलं. लाकूड कमजोर म्हणून हरलं असं नाही. नळीतून नळी काढली की सगळ्या सारख्याच निघतात. तीरगरानं पाचशे वर्षं ज्यासाठी बोटं झिजवली, ती गोष्ट साच्यानं एका दिवसात दिली. १९२० नंतर धनुर्विद्या ऑलिंपिकमधून गेली, ती १९७२ मध्ये म्युनिकला परतली तेव्हा निशाणावर धातूचे बाण होते.

आता संग्रहाबद्दल, आणि माझ्या एका फजितीबद्दल. इंग्लंडहून आणलेले सहा बाण मी पुण्यात पहिल्या वर्षी दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवे लावले. पाहुण्यांनी कौतुक केलं. जून-जुलै गेले. ऑगस्टात एके सकाळी जमिनीवर तीन पिसं पडलेली दिसली. जुन्या बाणांची पिसं सरसानं चिकटवलेली असतात, आणि सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचं उकळून केलेलं चिकट. पुण्याच्या पावसाळ्यातली हवा त्याला पुरली. मी घाईनं फेविकॉल लावून पिसं परत बसवली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात हे बघून माणसं डोक्याला हात लावतील, कारण सरस पाण्यानं सुटतो, फेविकॉल तसा सुटत नाही, आणि आता त्या बाणाचं मूळ काम पुन्हा कधी उघडता येणार नाही. शिवाय खिळ्यांवर दोनच टेकू असल्यानं दोन बाण मधून वाकले.

तेव्हापासूनचे माझे नियम साधे आहेत. बाण सपाट ठेवावेत, सुती कापडात, दर दोन-तीन महिन्यांनी उलटून पाहावेत. कडुनिंबाचा पाला चालतो, पण तो पिसांना लागू देऊ नये. जुनी काळसर झाक पुसून चकचकीत करू नये. हाताच्या घामानं आलेला तो रंग हाच त्या बाणाचा दाखला. नवी पिसं लावायचा मोह झाला तर आधी फोटो काढावेत आणि मग मोह आवरावा. अमेरिकेतून काही मागवत असाल तर लक्षात ठेवा, गरुडाच्या पिसांची खरेदी-विक्री तिथं कायद्यानं बंद आहे. आणि जुना बाण कधीही सोडून बघू नये. लाकडातली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि दोरी सुटताना मोडलेला बाण धनुष्य धरलेल्या हातात शिरतो.

आपल्याकडे हे पुस्तक कुणासाठी, असा प्रश्न मला मित्रांनी विचारला. त्याचं उत्तर मला साताऱ्यात मिळालं. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघं वैयक्तिक विजेते झाले. त्यांच्या हातात आधुनिक धनुष्यं होती, कार्बनचे बाण होते. पण आपल्याकडे 'इंडियन राउंड' हा स्पर्धेचा प्रकार अजून आहे, बांबूच्या धनुष्याचा आणि लाकडी बाणांचा, पन्नास आणि तीस मीटरवरून, आणि कित्येक मुलांची सुरुवात तिथूनच होते. साताऱ्यातल्या मैदानावर एक मुलगी तिचे बाण मांडीवर ठेवून एकेक फिरवून बघत होती. एक तिनं बाजूला काढला. का, असं विचारल्यावर म्हणाली, "हा नाही बाकीच्यांसारखा." तिला या पुस्तकातली निम्मी प्रकरणं समजावून सांगायची गरज नव्हती.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांतला तीरकामठा या पुस्तकात मुद्दाम घेतलेला नाही. ती वस्तू अजून त्या घरांची आहे. वापरातली वस्तू भिंतीसाठी विकत मागणं मला बरं वाटलं नाही, आणि तिच्यावर लिहायचं तर ज्यांच्या हातात ती आहे त्यांनीच आधी लिहावं.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात लाकूड, पीस आणि सरस. दुसऱ्यात इंग्लंड आणि अमेरिकेतले कारागीर आणि त्यांचे ठसे. तिसऱ्यात ओळखणं, विकत घेणं, जपणं. चित्रं सगळी नैसर्गिक उजेडात काढली आहेत आणि प्रत्येक चित्राखाली ग्रॅममध्ये वजन दिलं आहे. शिलिंगात छापलेलं असेल तिथं तेही.

हे लिहून होत आलं तेव्हा वाटलं, आपण एवढं सारखेपणाबद्दल बोलतोय, तर तो करून बघावा. आमच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आहेत. मशिनरीची खोकी फोडून मिळालेलं सरळ पाइनचं लाकूड त्यांच्याकडे होतं, पुढच्या भागाला शिसवीचे तुकडे होते. माझा बाण त्यांनी हातात घेतला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता तो परत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक करून आणला. सुंदर होता. मी म्हटलं, "आता याच्यासारखाच दुसरा." दोन दिवस गेले. तिसऱ्याला आणखी दोन. चौथ्या वेळी ते रंधा खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, एक करायला हात लागतो. दुसरा त्याच्यासारखा करायला पहिला विसरता येत नाही, हीच अडचण."

पाच झाल्यावर आम्ही दोघं त्याच सराफाकडे गेलो. पहिला एकतीस ग्रॅम, दुसरा साडेअठ्ठावीस, तिसरा पुन्हा तीस. चौथा आणि पाचवा यांच्यात पाव ग्रॅमचा फरक निघाला. सराफानं तो गुंजांत करून सांगितला: दोन गुंजा. मिस्त्री खूश झाले. त्यांनी शेवटचे दोन बाण उचलून कागदात गुंडाळले आणि उरलेल्या तिघांकडे मान उडवत म्हणाले, "हे तीन चुलीत घाला. हे दोघं भाऊ झाले."

ते तिन्ही माझ्या लोखंडी कपाटात आहेत, चार शिलिंग नऊ पेन्सच्या शेजारी. मिस्त्रींना मी अजून सांगितलेलं नाही.